यंत्राची उंची

मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सहकाऱ्यांनी ‘ओळंबा’ असे नाव ठेवले होते. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला टांगलेले टोकदार पितळी वजन. ते एकदा स्थिर झाले की गवंड्याची भिंत असो वा सरकारची हद्द, तिचा वाकडेपणा त्याच्यासमोर लपत नाही. थट्टेत मिळालेले हे नाव या मोजणीदारांनी भूषणासारखे वागवले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही रेघ कुणाच्या भिडेखातर वाकवली नाही. प्रत्यक्ष सासऱ्यांच्या परसाची मोजणी आली, तेव्हा कुंपण हातभर आत घ्यायला लावून ते दुपारी त्यांच्याच घरी जेवायला बसले होते. “माझ्या माहेरची हातभर जमीन ह्यांनी खाल्ली, आणि वर पोटभर जेवलेही,” असे त्यांच्या पत्नी पुढे आयुष्यभर सांगत आल्या. सांगताना त्यांच्या स्वरात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असे.

अशा माणसाच्या हातून उतारवयात एक असत्य घडले. तेही तोंड उघडून घडले नाही, मिटून घडले.

निवृत्तीनंतर त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. गावाबाहेर दोन किलोमीटरवर बांध घातलेले एक तळे होते. हिवाळ्यात तिथे थापट्या बदके, चक्रवाक आणि चिखलात चोची खुपसत हिंडणारे तुतवार उतरत. मोजणीदारांनी एकनळीची मोठी दुर्बीण घेतली. पक्षिनिरीक्षक तिला नुसतेच ‘स्कोप’ म्हणतात. ती हातात धरून बघता येत नाही. शंभर पावलांवरचा पक्षी त्या नळीत पुढ्यात येतो खरा, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन येतो. तिला तीन पायांचे भक्कम आसन लागते. ते त्यांच्यापाशी आधीपासून होते: कचेरीने मोडीत काढलेली, सागवानी पायांची आणि पितळी खुरांची जुनी तिवई. तिच्यावर त्यांनी अर्धे आयुष्य मोजणीचे यंत्र चढवले होते. वजन सात किलो दोनशे ग्रॅम.

“हिला वादळही हलवणार नाही,” ते म्हणत.

संस्कृतात ‘गुरू’ या एकाच शब्दाने जड आणि वंदनीय असे दोन्ही अर्थ दाखवले जातात. मोजणीदारांना ते दोन अर्थ वेगळे करणे कधी जमलेच नाही. जे जड ते भरवशाचे, अशी त्यांची निष्ठा होती.

पहिले तीन हिवाळे तिवई त्यांनीच वाहिली. मग गुडघा गेला आणि हातात काठी आली. त्या वर्षी पहिल्याच दिवशी ते दारात तिवईकडे बघत उभे राहिले, तेव्हा पत्नी आतून चपला घालून आल्या.

“आणा इकडे. नाहीतर तुम्ही आणि तुमची ही तीन पायांची बाई, दोघं दारातच मुहूर्त बघत बसाल.”

“अगं, जड आहे ती.”

“सवत आहे माझी. जड असायचीच.”

आणि त्यांनी ती उजव्या खांद्यावर टाकली. पुढे चार हिवाळे, आठवड्यातून तीन सकाळी, बांधावरून एक ठेंगणी बाई खांद्यावर तिवई घेऊन पुढे आणि एक उंच गृहस्थ काठी टेकत मागे, अशी ती जोडी लोकांच्या सवयीची झाली. भार वाहतो तो भर्ता आणि जिचा भार वाहायचा ती भार्या, असे व्याकरण सांगते. त्या बांधावर व्याकरण रोज उलटे चालत होते, आणि मोजणीदारांना त्यात काही खटकत नव्हते.

पाचव्या हिवाळ्याच्या तोंडाशी पत्नींचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालताना त्या ओठ दाबून धरू लागल्या. शेवटी लेकीने दोघांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीच्या टेबलाशेजारी दोन खुर्च्या होत्या. एकीवर पत्नी, दुसरीवर मोजणीदार. लेक भिंतीला टेकून उभी.

“काही जड उचलता का नेहमी?” डॉक्टरांनी विचारले.

“बादल्या,” पत्नी एका श्वासात म्हणाल्या. “पाण्याच्या. खालून वर न्याव्या लागतात ना.”

मोजणीदारांनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. त्या समोरच्या तक्त्यावरचा हाडांचा सांगाडा पाहत होत्या. डॉक्टर लिहू लागले. एक वाक्य बोलण्याइतका अवकाश होता. चौतीस वर्षे ज्यांनी भर पंचायतीत वाक्ये बोलली, त्यांना तो पुरेसा होता. पण तिवई कोण वाहते हे ठाऊक नसलेली लेक तिथे उभी होती. ‘बाबा, तुम्ही आईला हमाल केलंत?’ हे तिचे न बोललेले वाक्य त्यांना ऐकू आले. त्यांनी काठीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. डॉक्टरांनी कागद फाडून दिला आणि तो अवकाश संपला.

घरी आल्यावर लेकीने फर्मान काढले: आईने बादलीला हात लावायचा नाही. मग मोजणीदार स्वतः बादल्या उचलू लागले. दुखऱ्या गुडघ्याने, एकेक पायरी. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हे पाहिले आणि साऱ्या जिन्याला सांगितले.

“असा नवरा बघायला मिळत नाही हो! आमच्याकडे तर हे साधा पेला उचलून ठेवत नाहीत.”

“बायकोची कदर असावी तर अशी,” खालचे किराणा दुकानदार म्हणाले.

प्रत्येक स्तुतीबरोबर मोजणीदारांची मान खाली जाई, आणि लोक त्यालाही विनय समजत. पत्नींशी या विषयावर ते बोलले नाहीत. आपल्याला लेकीसमोर लाज वाटू नये म्हणून तिने खोटे सांगितले, अशी त्यांची खात्री होती. त्या उपकाराचे ओझे सात किलोहून जड होते.

दुखणे मात्र हटेना. दोन महिने व्यायाम झाले, शेक झाले. हात होता तिथेच. डॉक्टरांनी ‘श्रम नकोत’ असे बजावले होते, म्हणून लेकीने तळेही बंद केले होते. मोजणीदार एकटे जाईनात. पत्नी सकाळी खिडकीशी उभ्या राहून आभाळातून जाणारे बदकांचे थवे पाहत, आणि ते आता तळ्याकडे येत नसून तळ्यावरून परत निघाले आहेत, हे दोघांनाही कळत होते. आणखी तीन-चार आठवड्यांत पाणी रिकामे होणार होते. हिवाळा गेला तर गेला. पण पुढच्या हिवाळ्यात तरी त्या खांद्यावर काही टाकता येईल का, हे कुणी सांगू शकत नव्हते.

तेव्हा मोजणीदारांनी ठरवले की नवी तिवई घ्यायची, भक्कम आणि तरी हलकी. खरे बोलण्यापेक्षा वस्तू विकत घेणे सोपे असते.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका अरुंद दुकानाची मालकीण पन्नाशीची होती. तिच्या अंबाड्यात फुलाच्या जागी एक बारीक पेचकस खोचलेला असे.

“स्कोपसाठी तिवई हवी,” मोजणीदार म्हणाले. “वजनाला हलकी, पण हलणारी नको.”

“कमी खाणारा आणि जास्त राबणारा जावई हवा, म्हणणाऱ्यांपैकीच तुम्ही,” ती म्हणाली. “बघू, मिळतो का.”

तिने तीन तिवया काढल्या आणि प्रत्येकीवर स्कोप चढवून दाराबाहेर रोखला. रस्त्यापलीकडे शिंप्याची पाटी होती. “अक्षरं बघा,” असे म्हणून तिने तिवईच्या पायावर नखाने टिचकी मारली. पहिलीचे पाय पाच तुकड्यांत उघडत होते आणि शेवटचा तुकडा करंगळीएवढा बारीक होता. टिचकीसरशी शिंप्याचे नाव नाचू लागले. मोजणीदारांनी सात अंक मोजले तेव्हा ते थांबले.

“ही छत्रीसारखी घडी होते म्हणून लोक नेतात,” ती म्हणाली, “आणि छत्रीसारखीच वाऱ्यात जाते.”

दुसरी जाड ॲल्युमिनियमची. अक्षरे दोन अंकांत थांबली. पण तिला उचलताना मोजणीदारांना आपला गुडघा आठवला आणि लगेच एक खांदा आठवला. तिसरी कार्बन फायबरची, काळी, पाय केवळ तीन तुकड्यांचे. हातात घेतली तर रिकाम्या कळशीसारखी. टिचकी मारली, एक, दोन, तीन, आणि पाटी स्थिर. वरचे डोके लोण्यासारखे फिरत होते आणि जिथे सोडावे तिथेच थांबत होते. मोजणीदार क्षणभर सारे विसरले. त्यांनी पाय रोवून पाहिले, वरची चकती पिळून पाहिली, पायांचे चिमटे मिटून-उघडून पाहिले. मग मधल्या दांड्याखालच्या आकड्याला आपली पिशवी अडकवली आणि ती अधांतरी लोंबकळू दिली.

“टेकवा ती जमिनीला,” मालकीण म्हणाली.

“टेकवून कसं चालेल? वजन मोकळंच लटकलं पाहिजे.”

“तो ओळंबा नाहीये काका, पिशवी आहे. मोकळी सोडलीत तर वाऱ्यात झोके घेईल आणि वरचं सगळं हलवील. जराशी जमिनीला लागू द्या, म्हणजे धरून ठेवील.”

तिला हे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तरी मोजणीदारांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चार हिवाळे त्यांनी पत्नीची पाण्याची पिशवी तशीच मोकळी टांगली होती. “टेकवू का खाली?” असे तिने एकदा विचारले होते, आणि त्यांनी तिला गुरुत्वाकर्षण समजावून सांगितले होते.

“आता उंची,” मालकीण पुढे म्हणाली. “मधला दांडा वर काढायचा नाही, तो काढला की सगळी मजबुती गेली. उंची पायांनीच यायला हवी. डोळा कुणाचा धरू?”

“माझा. एक मीटर बासष्ट,” मोजणीदार न मोजताच म्हणाले. मोजणीच्या वहीत प्रत्येक पानावर सर्वांत आधी ‘यंत्राची उंची’ लिहायची असते. पक्ष्यांच्या वहीतही त्यांनी ती शिस्त सोडली नव्हती.

“आणि खांदा?”

“तोही... माझाच.”

तिने काठीकडे पाहिले. “आत्तापर्यंत कोण उचलत होतं?”

“घरचे.”

“मग घरचे बघतात की नाही त्यातून?”

“बघते ना! ती तिथल्या दगडावर उभी—”

तो दगड त्यांच्या डोळ्यांपुढे आला. सपाट, वीतभर उंचीचा, नेमका तिवई लागत असे त्या जागी. हद्दीचा एकेक दगड वहीत नोंदवत आलेल्या या माणसाने तो तीन हिवाळे पाहिला होता, आणि तो टेकायला ठीक आहे यापलीकडे त्याच्याविषयी काही मनात आणले नव्हते.

“त्यांनाच घेऊन या,” मालकीण पेचकस पुन्हा अंबाड्यात खोचत म्हणाली. “उंच माणूस वाकू शकतो. ठेंगण्याला काही वाढता येत नाही.”

मोजणीदार रिकाम्या हाताने घरी आले. पत्नी डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“आणली का नवी सवत?”

“नाही.”

“नाकीडोळी बरी नव्हती?”

“तूच पसंत करायचीस, असं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

त्यावर सांगण्यासारखे पुष्कळ होते. मोजणीदार उठले आणि भरलेलीच बादली पुन्हा भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जायचे होते. लेक कामावर होती, दोघेच गेले. दोन महिन्यांत हात तसूभरही वर गेला नाही हे पाहून बाईंनी पेन खाली ठेवले.

“आजी, एक करा. बादली कशी उचलता, मला करून दाखवा. कुठं ताण येतो ते बघते.”

पत्नी उठल्या, किंचित वाकल्या आणि हवेतली बादली उचलली. डाव्या हाताने.

“अहो, पण दुखतोय उजवा,” बाई म्हणाल्या.

पत्नी वाकलेल्याच राहिल्या. आयुष्यभर त्यांनी बादली डाव्याच हाताने उचलली होती आणि शरीराला खोटे बोलता येत नाही. पुन्हा तोच अवकाश आला होता. एक वाक्य बोलण्याइतका.

मोजणीदार काठीचा आधार न घेता उभे राहिले.

“बादली नाही,” ते म्हणाले. “लाकडी तिवई. वजन सात किलो दोनशे ग्रॅम. उजव्या खांद्यावर, जाऊन-येऊन चार किलोमीटर, आठवड्यातून तीनदा. चार हिवाळे. मी मागून मोकळा चालत होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीवर होतो, आणि गप्प बसलो.”

साक्ष द्यावी तसे ते बोलले आणि शिक्षेची वाट पाहत उभे राहिले.

“झालं?” पत्नी ताठ होत म्हणाल्या. “उभा राहिला ओळंबा सरळ? तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

“माझी लाज राखायला तू खोटं—”

“तुमची लाज? तुमच्यासाठी नाही हो! खरं सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी तळं बंद झालं असतं माझं. बादल्या बंद झाल्या तर माझं काय जातंय? तळंही बंद होईल हे कुठं ठाऊक होतं!”

व्यायामाच्या बाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, “तळं कशाला बंद करायचं, आजी? खांद्यावर काही टाकायचं नाही, एवढंच. चालायला तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आणि मी तुम्हाला हाताचे व्यायाम देत बसले. हे दुखणं मानेपासून धरायला हवं होतं. दोन महिने उगाच घरात बसलात.”

उगाच. हा शब्द त्यांनी कुणालाही टोचण्यासाठी उच्चारला नव्हता. मोजणीदारांच्या मनात तो रुतला आणि तिथेच राहिला. दोन महिने ज्या अपराधाचे ओझे ते उचलत होते, तो नेमका त्यांचा अपराध नव्हताच. तिने आपल्यासाठी त्याग केला या कल्पनेत दुःखाबरोबर एक गोडवाही होता. आता गोडवा गेला. ती तळ्यासाठी खोटे बोलली होती, आणि तळे तिला इतके हवे आहे हे तिला कधी विचारावे असे त्यांना चार हिवाळ्यांत सुचले नव्हते.

बाहेर आल्यावर दोघे दवाखान्याच्या बाकावर बसले.

“तो दगड,” मोजणीदार म्हणाले. “तिथं आधी नव्हता ना?”

“बांधाच्या पलीकडून लोटत आणला. तुम्ही वहीत लिहीत होतात. मी तीनदा हाक मारली.”

“मला सांगितलं असतंस, तर तिवई खाली केली असती.”

“मला वाटायचं, जो मांडतो त्याची नजर आधी असते. म्हणून तर मी ती वाहायला घेतली.” त्या समोरच्या झाडाकडे बघत बोलत होत्या. “मी मांडायची, पाय रोवायची, नळी पाण्याकडे वळवायची. मग तुम्ही मागून यायचे, ‘झाली का?’ म्हणायचे आणि डोळा लावायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्यापर्यंत येईतो पक्षी उडालेला असायचा. नुसतं पाणी दिसायचं. पाणीही छान दिसतं हो त्यातून, नाही असं नाही.”

मोजणीदारांपाशी क्षमा मागायला शब्द होते. पण ‘पाणीही छान दिसतं’ या वाक्यापुढे ते सारे पोकळ वाटले.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन करून सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्ही?” रागावली असती तर त्यांना बरे वाटले असते.

दुकानात पत्नींनी अर्धा तास घेतला. टिचक्या मारल्या, अंक मोजले आणि काळ्या तिवईवर हात ठेवून म्हणाल्या, “ही. सवत असली तरी सडपातळ आहे.” मालकिणीने स्कोप त्यांच्या डोळ्याला लावला आणि पायांचे चिमटे मिटले. एक मीटर शेहेचाळीस.

पुढच्या आठवड्यात दोघे बांधावरून निघाले. तिवई मोजणीदारांच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधलेली होती. बांधावर भेटलेल्या एकाने, “आज काका हमाल झाले वाटतं?” असे विचारले, तेव्हा ते थांबून म्हणाले, “चार वर्षं उशिरा.” तो हसला. ते हसले नाहीत.

तळ्यावर बदके फारशी उरली नव्हती. दूरच्या काठाला चार चक्रवाक आणि चिखलात थोडे तुतवार. मोजणीदारांनी तिवई मांडली, पाय रोवले, पाण्याची पिशवी आकड्याला अडकवून जमिनीला अलगद टेकवली. नळी पाण्याकडे वळवली, आणि डोळा न लावता बाजूला झाले.

“झाली का?” पत्नींनी विचारले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

“झाली.”

त्या पुढे झाल्या. दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्या होत्या. डोळा लावता लावता त्यांनी मागे न बघताच म्हटले, “बसा त्या दगडावर. बसायलाच आहे तो, असं वाटायचं ना तुम्हाला?”

मोजणीदार बसले. वही उघडली आणि नव्या पानावर सर्वांत आधी लिहिले: यंत्राची उंची, १.४६. मग सवयीने मागची पाने चाळली. १.६२. १.६२. प्रत्येक पानावर ठळक, सुवाच्य आणि अगदी अचूक. मोजणीच्या वहीत खोडायचे नसते. एकदा घेतलेले माप तसेच राहते. त्यांनी ती पाने तशीच राहू दिली.

बराच वेळ गेला. एक चक्रवाक ओरडला, पंखांची फडफड झाली.

“काय दिसतंय?” न राहवून त्यांनी विचारले.

“थांबा,” पत्नी म्हणाल्या.

ते थांबले.